कृषी सहायक कोणाला बांधील?

गारपीट झाली की दोन-चार दिवसांनी बांधावर तीन माणसे येतात. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही, आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त आहे असे त्या कागदावर आल्याशिवाय सरकारी मदत मिळत नाही. तलाठ्याचा साहेब तहसीलदार, ग्रामसेवकाचा गटविकास अधिकारी आणि कृषी सहायकाचा तालुका कृषी अधिकारी. २०२४-२५ च्या सुमारास या तिन्ही पदांची नावे बदलली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी. गावाच्या तोंडी मात्र जुनीच नावे आहेत, म्हणून मीही तीच वापरतो.

आता ज्याचे उभे पीक आडवे झाले, तो किंवा त्याने निवडून दिलेला सरपंच या तिघांपैकी कोणाला जाब विचारू शकतो? ग्रामसेवकाला थोडाफार, कारण तो जिल्हा परिषदेचा माणूस आहे आणि ग्रामसभेत त्याला बसावे लागते. बाकी दोघांना नाही. महसुलाचे काम राज्याचे, तेव्हा तलाठ्याचे समजू शकते. पण शेती हाच ज्या गावाचा संसार, त्या गावाच्या शेतीसाठी नेमलेला माणूस गावाला बांधील नाही, हे मला कधीच पटलेले नाही. शेतीच्या गावपातळीवरच्या सेवा, त्यासाठीचा माणूस आणि त्यासाठीचा पैसा या तिन्ही गोष्टी एकत्र पंचायत राज संस्थांच्या हाती द्याव्यात, असे माझे म्हणणे आहे. यातली एक जरी मागे ठेवली तरी बाकीच्या दोन वाया जातात.

ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्या काळी देशात जिल्ह्याला एवढे अधिकार देणारी राज्ये फार थोडी होती. शिक्षण, आरोग्य, रस्ते यांच्या बरोबरीने शेती हे जिल्हा परिषदेचे मोठे खाते होते. त्याआधी १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रमातून ग्रामसेवक गावात आला होता, तोही मुख्यतः शेतीसाठीच. नवे बियाणे, खताची मात्रा, कंपोस्टचा खड्डा ही त्याची कामे. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीची वसुली, घरकुलाचे अर्ज हे ओझे त्याच्या डोक्यावर हळूहळू चढत गेले आणि त्याच्या कामातली शेती मागे पडली.

मग उलटा प्रवास सुरू झाला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जागतिक बँकेच्या पाठिंब्याने देशभर ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत आली. डॅनियल बेनॉर या तज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. शेतीचा सल्ला देणाऱ्याला दुसरे कुठलेही काम देऊ नये, त्याने ठरल्या वारी ठरल्या गावी जावे, आणि वरपासून खालपर्यंत आदेशाची एकच साखळी असावी, हे तिचे सूत्र होते. पहिल्या दोन गोष्टी चांगल्या होत्या. तिसरीने पंचायतीला बाहेर ठेवले, कारण एकाच साखळीत सरपंचाला किंवा सभापतीला जागा उरत नाही. पुढे १९९८ मध्ये राज्याने कृषी विभागाची ‘एक खिडकी’ पुनर्रचना केली. विस्तार (म्हणजे शेतकऱ्यापर्यंत सल्ला पोचवणे), मृदसंधारण, फलोत्पादन यांचे वेगवेगळे कर्मचारी गावात फिरत आणि शेतकऱ्याला कोणाकडे जावे ते कळत नसे. ते सगळे तालुका कृषी अधिकाऱ्याच्या छताखाली आले. कारण रास्त होते, आणि शेतकऱ्याची थोडी पायपीट वाचलीही. पण खिडकी एक झाली ती राज्य सरकारची. जिल्हा परिषदेचा कृषी विभाग बंद झाला नाही, नुसता रोडावला. आज त्याच्याकडे अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी विहिरी-पंपांच्या योजना आहेत, बायोगॅस आहे आणि सेस फंडातून ताडपत्री, फवारणी पंप, कडबाकुट्टी यांचे वाटप आहे.

या दोन पावलांच्या मध्ये १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती, हे विसरता कामा नये. तिने आणलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत आणि त्यांतला पहिलाच आहे कृषी, कृषी विस्तारासह. जमीन सुधारणा, मृदसंधारण, लघुसिंचन, पाणलोट, पशुसंवर्धन ही सगळी लगेच पुढच्या ओळींत. पण अनुच्छेद २४३-छ राज्यांना हे अधिकार ‘देता येतील’ असे म्हणतो, ‘द्यावेत’ असे म्हणत नाही. त्या एका क्रियापदाच्या आडोशाला राज्ये तीस वर्षे उभी आहेत. महाराष्ट्राने तर जे दिले होते त्यातलेही बरेचसे दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी आपल्याकडे ओढले.

त्याने प्रत्यक्षात काय बिघडले? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ५३ लाख वहितीधारक आहेत आणि सरासरी धारणा १.३४ हेक्टर. कृषी सहायकांची पदे साडेअकरा हजारांच्या आसपास. सगळी भरलेली आहेत असे धरले तरी एका माणसामागे तेराशेवर शेतकरी आणि तीन-चार गावे येतात. त्यात महाडीबीटी या सरकारी योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या अर्जांची छाननी, मोका तपासणी, पंचनामे, पीक कापणी प्रयोग, आणि वरून येणारी प्रत्येक नवी मोहीम. तो कामचुकार आहे असे मी म्हणत नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक जण उन्हातान्हात मोटारसायकलवर फिरणारे, स्वतः शेतकऱ्याची मुले असलेले आहेत. पण आज कुठल्या कामाला आधी हात घालायचा, हे त्याला तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर कळते. वर आकडे मागतात आणि तो ते पुरवतो. कापसावर पांढरी माशी आली आहे हा आकडा नाही, ती गावाची अडचण आहे. ती सांगायला गावाकडे फक्त त्याचा फोन नंबर आहे.

मग शेतकरी कोणाला विचारतो? कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला. आमच्या घरीही हेच झाले. वडील कपाशीचे पान खिशात घालून तालुक्याला जात आणि दुकानदार पान पाहून दोन बाटल्या काढून देई. सगळे दुकानदार वाईट नसतात. उधारीवर माल देऊन हंगाम तारणारेही तेच असतात. पण रोग ओळखणारा आणि औषध विकणारा एकच असला की काय होते, ते २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने दाखवले. दाट, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत मिश्र कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत पोचले. चौकशी झाली, काही औषधांवर बंदी आली, संरक्षक किट वाटले गेले. त्या गावांत फवारणीच्या आठवड्यात सल्ला द्यायला कोण हजर होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न कुठल्या ग्रामसभेला अधिकाराने विचारता आला नाही. कारण तो विचारायचा अधिकारच ग्रामसभेला नाही.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला. कुठली सेवा कुठल्या पातळीवर असावी, हे मला या अळीने सर्वांत नीट शिकवले. अळीचा जीवनक्रम, बीटी वाणाला तिने पचवलेली प्रतिकारशक्ती, कुठले औषध कधी, हे ज्ञान नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे आणि कृषी विद्यापीठांचे. ते ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नाही आणि असण्याची गरजही नाही. राज्यभरच्या किडींवर नजर ठेवणारे क्रॉपसॅपसारखे काम राज्याचेच. २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांची धाड पडल्यानंतर ते उभे राहिले आणि ते राज्याकडेच राहायला हवे. पण बोंडअळी मोडायची तर डिसेंबरअखेर सगळ्यांनी कपाशी उपटली पाहिजे, कोणीही फरदड, म्हणजे हंगामानंतरही पुढच्या वेचणीसाठी राखलेली कपाशी, ठेवता कामा नये, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवता कामा नयेत. एकाने जरी फरदड घेतली तरी अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते आणि शेजारच्या दहा जणांचे कष्ट पाण्यात जातात. हे पत्रक वाटून होत नाही. गावाने बसून ठरवायचे, ज्याला फरदडीच्या चार पैशांची खरोखर गरज आहे त्याची सोय पाहायची आणि मग ठरवलेले पाळायचे. कृषी आयुक्तालय कितीही चांगले चालले तरी त्याला हे जमणार नाही. ज्ञान वरून यावे, निर्णय गावात व्हावा आणि दोहोंना जोडणारा माणूस गावात हजर असावा.

सत्ता खाली देणे म्हणजे जबाबदारी ढकलून मोकळे होणे नव्हे. ही चूक कशी होते ते फिलिपिन्समध्ये दिसले, म्हणून तिथली गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. मार्कोस राजवट गेल्यावर १९९१ मध्ये त्या देशाने स्थानिक शासन संहिता केली आणि कृषी खात्याचे सतरा हजारांहून अधिक कर्मचारी एका झटक्यात प्रांत आणि नगरपालिकांकडे पाठवले. केंद्राच्या अंतर्गत महसुलाचा ४० टक्के वाटाही कायद्याने दिला. कागदावर याहून मोठे विकेंद्रीकरण शोधून सापडणार नाही. पण तो वाटा विभागताना कोणाकडे किती कर्मचारी, किती काम गेले हे पाहिलेच नाही. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ यांवर पैसा गेला. शहरांना वाट्याने जास्त मिळाले, आणि दवाखाने व शेती अंगावर पडलेले प्रांत ओढग्रस्त राहिले. भरीला त्याच संहितेत नगरपालिकेसाठी अभियंता नेमणे सक्तीचे आणि कृषितज्ज्ञ नेमणे ऐच्छिक! परिणाम व्हायचा तोच झाला. गरीब नगरपालिकांत विस्तार कर्मचारी महापौराच्या इतर कामांना जुंपले गेले, प्रशिक्षण आटले, संशोधन केंद्राशी असलेला त्यांचा धागा तुटला. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांचा वाटा सगळ्याच राष्ट्रीय करांवर मोजायचा असा निकाल दिला, तो २०२२ पासून अमलात आला आणि पैसा वाढला. म्हणजे माणसे १९९१ च्या कायद्याने गेली आणि पुरेसा पैसा निघाला तीस वर्षांनी. फिलिपिन्सकडे बोट दाखवून ‘बघा, विकेंद्रीकरण फसते’ असे म्हणणारे आपल्याकडे बरेच आहेत. मला त्यात दिसते ते अर्धवट विकेंद्रीकरणाचे अपयश.

केरळने जास्त विचाराने पावले टाकली. तिथे १९८७ पासून पंचायतीगणिक कृषी भवन उभे राहिले, त्यात कृषी पदवीधर अधिकारी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ही भवने ग्रामपंचायतींकडे सोपवली गेली आणि १९९६ च्या लोकयोजनेत, म्हणजे खालून वर नियोजन करण्याच्या मोहिमेत, राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना मिळाला. कर्मचाऱ्यांचे पगार राज्यच देत राहिले, त्यामुळे गरीब पंचायतीतही अधिकारी टिकला. तरीही भाताखालची जमीन घटतच गेली, आणि पंचायतींनी शेतीचा पैसा बऱ्याच ठिकाणी घरोघर चार रोपे, दोन गोणी खत असा वाटून टाकला, हे खुद्द लोकयोजनेच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. भातशेती मागे पडली ती मजुरी, आखाती पैसा आणि जमिनीचे भाव यांमुळे, आणि ते ओझे पंचायतीच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण नंतर काय झाले तेही पाहावे. २००८ च्या भातजमीन व पाणथळ संरक्षण कायद्याने भातखाचर बुजवायला परवानगी द्यावी की नाही हे पाहायला स्थानिक समिती नेमली. पंचायत अध्यक्ष तिचा प्रमुख, कृषी अधिकारी तिचा निमंत्रक आणि सोबत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. कुडुंबश्री या केरळच्या महिला बचत गटांच्या चळवळीतल्या बायकांनी पडीक जमिनी खंडाने घेऊन गटशेती उभी केली ती पंचायत आणि कृषी भवन दोन्ही हाकेच्या अंतरावर होती म्हणून. माणूस गावात असला की अशा गोष्टींना जागा मिळते.

वाटपाचा हा मोह आपल्याही जिल्हा परिषदांना आहे, हे कबूल करायला हवे. ताडपत्री दिसते, तिच्यावर फोटो निघतो. माती परीक्षण करून दिलेला सल्ला दिसत नाही. म्हणून नुसता पैसा खाली सोडला तर तो वस्तूंत जिरेल. माणूस खाली द्यावा आणि त्याचे काम गावासमोर मोजावे, हा माझा आग्रह त्यासाठीच.

सर्वांत मोठा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘सरपंचाच्या हाती दिले की भावकीला पहिले, विरोधी पॅनेलला काहीच नाही. दलित वस्तीतल्या अल्पभूधारकाला कोण विचारणार? विधवेच्या नावावरच्या एकरभर कोरडवाहूकडे कोण बघणार?’ हा आक्षेप खोटा नाही. मी गावातच वाढलो आहे, गावाला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. पण आज या बाईची स्थिती काय आहे? तिचा अर्ज ऑनलाइन गेला, कालपर्यंत संगणकीय सोडतीत नाव आले तर आले. आता सोडतीऐवजी आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ आहे, म्हणजे ज्याच्या घरात मोबाइल हाताळणारा मुलगा आहे तो पुढे. नाव का आले नाही हे तिला कोणी सांगत नाही. गावातला अन्याय निदान डोळ्यांना दिसतो आणि दिसलेल्या अन्यायाविरुद्ध भांडता येते. पंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत. शेतीच्या निर्णयांत त्या जागांना काही वजन आले, तर त्यांवर बसलेल्यांनाही खरे वजन येईल. लाभार्थ्यांची यादी कारणांसह चावडीवर लागली पाहिजे आणि तिच्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळाले पाहिजेत. हे नियमात बसवणे अवघड नाही.

महाराष्ट्रात याचे धडे गिरवून झालेले आहेत. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडते आणि रब्बीत काय घ्यायचे, काय नाही ते ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाहीत, हे त्या गावाने स्वतःच्या मनाने ठरवले आणि पाळले. पोपटराव पवारांसारखा सरपंच प्रत्येक गावाला मिळणार नाही, हे खरे. म्हणून तर व्यवस्था हवी. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ती थोडीशी करून पाहिली गेली. पाच हजारांहून अधिक गावांत सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समित्या झाल्या, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला गेला, अर्जांना समितीची मान्यता लागू लागली. काही गावांत समिती सहीपुरती राहिली, काही गावांत ती खरोखर बसली आणि भांडली. माझी खंत एवढीच की हे सगळे प्रकल्प म्हणून झाले. प्रकल्पाला मुदत असते, निधी असतो, शेवटी अहवाल असतो. पंचायत कायमची असते. जे काम कायमचे आहे ते तिच्याकडे का नाही?

माझ्या मनातली मांडणी साधी आहे. दोन-तीन ग्रामपंचायतींमागे एक कृषी सहायक, त्याची बैठक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, पगार आणि सेवाशर्ती राज्याच्याच. त्याचे तांत्रिक मार्गदर्शन तालुका कृषी अधिकारी आणि कृषी विज्ञान केंद्राकडे. पण त्याची फिरती, रजा आणि वार्षिक गोपनीय अहवालातला निम्मा शेरा ग्रामपंचायतीच्या कृषी समितीचा. राज्यभर ग्राम कृषी विकास समित्या नेमायचे आदेश निघालेलेच आहेत, त्यांना हा अधिकार दिला की त्यांच्यात जीव येईल. पैशाचे म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतली ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेला बांधलेली होती, उरलेल्या रकमेत शेतीला काही राहणे कठीण. त्यामुळे शेतीसाठी वेगळा, अबंध निधी लागेल. हेही अशक्य नाही. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी महाराष्ट्र थेट पेसा (आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना देतो आहे. बियाणे-खतांची गुणवत्ता, संशोधन, पीकविमा हे राज्याकडेच असावे. मधल्या पातळीवर, म्हणजे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत, माती प्रयोगशाळा, पाणलोट, गुरांचे दवाखाने आणि एका गावात न मावणारे सगळे.

आणि निवडून आलेले लोक जागेवर हवेत. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसले. या काळात अतिवृष्टी झाली, सोयाबीनचे भाव कोसळले, एक रुपयातला पीकविमा आला आणि गेला. यावर जिल्हा परिषदेच्या कृषी समितीत चर्चा झाली नाही, कारण समितीच नव्हती. ज्यांना विकेंद्रीकरणाची काळजी आहे त्यांनी या रिकाम्या खुर्च्यांवर जेवढे ओरडायला हवे होते तेवढे आपण ओरडलो नाही. त्यात मीही आलो.

दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास जिल्ह्याला खरीपपूर्व आढावा बैठक होते. पालकमंत्री येतात, बियाणे-खतांचे आकडे वाचले जातात. गावात तशी बैठक होत नाही, आणि १ मेची ग्रामसभा तर आपल्याकडे असतेच. त्या सभेत कृषी सहायकाने उभे राहून सांगावे की गावातल्या किती जणांच्या मातीचे नमुने तपासून आले, घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता किती निघाली, गेल्या वर्षी किती विहिरी मार्चमध्येच आटल्या, फरदड कोणी ठेवली होती. मग गावाने त्याला विचारावे आणि त्याने उत्तर द्यावे. पुढचा १ मे यायच्या आत एवढा एक शासन निर्णय निघाला, तरी बाकीच्या गोष्टींसाठी भांडायला आम्ही गावकरी तयार आहोत.